हातात राहील असं कव्हर

"हा आपल्याला बनवतोय. चला इथून."

हे वाक्य इतक्या गोड आणि इतक्या खणखणीत आवाजात आलं की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. कव्हरवाला हातातलं कव्हर तसंच धरून उभा राहिला. बोललं कोण तेच त्याला कळेना. समोर दाराएवढा एक माणूस, त्याच्या शेजारी स्टुलावर एक बारीक बाई. माणसाच्या तोंडात पाण्याची बाटली आणि बाईचे ओठ मिटलेले.

माणसानं घाईघाईनं घोट गिळला. "मी नाही हं. ती बोलली. म्हणजे फोन बोलला, पण म्हणणं तिचं."

बाईचं बोट काचेवर थोडा वेळ फिरलं. फोन म्हणाला, "म्हणणं दोघांचं. कालच म्हणाले, सगळे कव्हरवाले चोर."

"अगं, हळू!"

पण हळू बोलायची सोय त्या फोनमध्ये नव्हती. ती नवऱ्याच्या कानात सांगायला गेली तरी अख्ख्या दुकानाला ऐकू जायचं. आवाज होता एका अनोळखी बाईचा. गाडी उशिरा येणार म्हणून दिलगिरी व्यक्त करणाऱ्या बाईचा असतो तसला. लाड, राग, टोमणा, सगळं एकाच सुरात. "जेवण झालं का" आणि "अक्कल गहाण टाकलीत का" यात ऐकणाऱ्याला काही फरक करता येत नसे. नवऱ्याला येत असे. सवय.

"मॉडेल जुनं आहे हो तुमचं," कव्हरवाला जरा गुश्शातच म्हणाला. "तीन वर्षांपूर्वीचं. याची कव्हरं आता कुणी करत नाही. एवढं एकच आहे."

त्यानं दाखवलेलं कव्हर गुलाबी होतं आणि त्याला सशाचे दोन लांब कान होते.

दोघांनी ते बराच वेळ बघितलं. मग नवरा म्हणाला, "कान धरायला बरे पडतील."

बाईनं बोट फिरवलं. फोन म्हणाला, "द्या."

या माणसाला सगळे नाजूकभाऊ म्हणायचे. उंची सहा फुटांच्या वर, तळहात फावड्यासारखे, आणि नाव नाजूकभाऊ. तो काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंगला होता. प्रयोगशाळेत लागतात त्या नळ्या, चंबू, फुंकणीएवढ्या मानेच्या बाटल्या हे सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायचं, मध्ये फोम घालायचा, टेप मारायची आणि शेवटी 'नाजूक' असं छापलेलं लाल लेबल चिकटवायचं. एकतीस वर्षं तो तेच लेबल चिकटवत आला होता. त्याला कुणीतरी त्यावरूनच हाक मारली आणि तीच राहिली. त्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं.

कारखान्यात त्याचा एक नियम चालायचा. नव्या तऱ्हेचं खोकं तयार झालं की ते कमरेएवढ्या उंचीवरून तीनदा खाली टाकायचं. एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. साहेब त्याला ड्रॉप टेस्ट म्हणायचे, बाकी सगळे आपटी. आणि आपटी द्यायची ती माल आत घालूनच. "रिकामं खोकं आपटून काय कळणार?" नाजूकभाऊ नव्या पोरांना सांगायचा. "ते तर हसत हसत पडतं. आत काहीतरी फुटण्यासारखं हवं."

बायकोचं दुखणं नसांचं होतं. दीड वर्षापूर्वी जीभ जड व्हायला लागली. आधी 'र' म्हणता येईना, मग बाकीचं. मोठ्या डॉक्टरांनी सगळे कागद बघून सांगितलं, "यात आधी आवाज जातो, मग हात." पुढचं ते सांगणार होते, पण तिनं पंजा वर करून त्यांना थांबवलं. एवढं पुरे, असा तिचा चेहरा होता. नऊ महिन्यांत आवाज गेला. ज्या बाईच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असायची तिच्या घरात भांड्यांचा आवाज तेवढा राहिला.

मग तिच्या भाच्यानं एक फोन आणून दिला. टाइप केलं की तो मोठ्यानं बोलायचा. भाच्यानं त्यात जाड अक्षरं लावून दिली आणि म्हणाला, "मावशी, रोज लागणारी दीडशे वाक्यं आधीच घालून ठेव. एक बटण दाबलं की झालं." तिनं दोन दिवस बसून यादी केली. पाणी, औषध, उजेड, कूस यांची मिळून नव्वद झाली. उरलेली साठ नवऱ्याबद्दल होती. "टॉवेल पलंगावर टाकू नका." "मी सांगितलं नव्हतं?" "आता गप्प का?" अशी.

त्या दिवसापासून घर पुन्हा बोलतं झालं. नाजूकभाऊ त्या आवाजाला मनातल्या मनात फोनवाल्या बाई म्हणायचा. एकदा तर झोपेतून उठता उठता त्यांना "हो बाई" असंही म्हणून गेला. त्यावर बायको इतकी हसली, आवाज न करता, की डोळ्यांतून पाणी आलं.

फक्त एकच झालं. फोन पडायला लागला.

ती फोन डाव्या तळहातावर धरायची आणि उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायची. डावा तळहात हळूच कलायचा आणि फोन खाली. आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज.

"हा फोन फार गुळगुळीत आहे," पहिल्यांदा पडला तेव्हा नाजूकभाऊ म्हणाला.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. फोन उचलून घेतला. "हो. फार गुळगुळीत," फोनवाल्या बाई म्हणाल्या.

झालं. त्या दिवशी दोघांचं ठरूनच गेलं. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. पण घरातल्या दोघांनी मिळून अंगणाला नावं ठेवायचं ठरवलं, तर त्यांना शहाणपण शिकवायला कोण जाणार? डॉक्टरांचं वाक्य दोघांनाही पाठ होतं. ते कुणी उच्चारलं नाही. दर रविवारी दोघं कव्हर बघायला जायला लागली.

पहिलं जाड रबराचं आणलं. पकड छान, पण आवाजाची भोकं त्यानं बंद केली. फोनवाल्या बाई गादीखालून बोलायला लागल्या. नाजूकभाऊनं भोकं मोठी करायला कात्री घेतली आणि रबर अर्धं केलं.

मग पाकिटासारखं, झाकणाचं. त्याला लोहचुंबक होतं. झाकण मिटलं की फोन झोपायचा, आणि ते वाटेल तेव्हा मिटायचं. नणंद भेटायला आली होती. बायकोनं मोठ्या कष्टानं वाक्य लिहिलं, तुमचा मुलगा फार आगाऊ होता पण आता किती समजूतदार झालाय. बटण दाबलं. फोनवाल्या बाई म्हणाल्या, "तुमचा मुलगा फार आगाऊ—" आणि झाकण पडलं. नणंद त्यानंतर आली नाही. पुढचं कितीदा कळवलं तरी तिला ते मागाहून जोडलेलं वाटलं.

मग पाठीला कडी असलेलं आणलं, बोट अडकवायचं. दुकानदार म्हणाला, "यातून बोट निघणारच नाही." घरी आल्यावर तिनं बोट अडकवलं. हात खाली केला तर कडीही आली आणि फोनही. बोटच तेवढं बारीक झालं होतं.

"कडी मोठी बनवलीय," नाजूकभाऊ म्हणाला.

"हल्ली मापं कुणी नीट घेत नाही," फोनवाल्या बाई जमिनीवरून म्हणाल्या. ते वाक्य तिनं पडायच्या आधीच लिहून ठेवलं होतं; वाकून बटण तेवढं दाबलं.

आणि आता ससा. सशाचे कान धरायला खरंच बरे होते. दवाखान्याच्या रांगेत लोक हसायचे, तेव्हा फोन त्यांना सांगायचा, "हसा. माझं वय अठ्ठावन्न आहे." पण तेराव्या दिवशी तिच्या हातात दोन्ही कान राहिले आणि फोन कपाटाच्या पायावर जाऊन आदळला. काचेला एका कोपऱ्यात केसाएवढी चीर गेली.

त्या संध्याकाळी तिनं त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग टाइप केलं.

"हा फुटला तर मी संपले."

फोनवाल्या बाईंनी ते गाडी उशिरा येणार असल्यासारखं सांगितलं. नाजूकभाऊ भांडी घासत होता. त्यानं नळ बंद केला.

"फुटत नाही," तो म्हणाला. "ए, मी कोण आहे? एकतीस वर्षं काय केलं मी? हे कव्हरवाले बसलेत नक्षी काढत. मी करतो कव्हर."

"तुम्ही?"

"मग! एक दिवस फोन दे. मापाला लागेल. संध्याकाळी आणून देतो."

"एक दिवस?"

"पाच वाजेपर्यंत. एवढा तरी विश्वास ठेव."

तिनं फोन मांडीवर घेऊन दोनदा पुसला. शेवटी यादीतलं एक तयार वाक्य दाबलं. "विसरून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या टेबलाभोवती सगळे जमले. नाजूकभाऊनं काच उचलायचे हातमोजे कापले, ज्यांच्या तळव्यावर रबराचे ठिपके असतात ते. त्यातून काच निसटत नाही, मग फोन काय निसटणार? आत फोम, कोपऱ्यांना दुहेरी. मागे रुंद पट्टा. तळहाताभोवती घालायचा आणि चिकटवायचा. हात पालथा केला तरी फोन पडू नये. आवाजाच्या भोकांसमोर त्यानं फोमला खिडकी ठेवली. दिसायला ते जाड चपलेसारखं दिसत होतं. पण मोडणारं नव्हतं.

"झालं ना? द्या मग घरी," एकजण म्हणाला.

"आपटी?" नाजूकभाऊ म्हणाला.

"अहो, आत फोन आहे."

"मग? रिकामं आपटून काय कळणार?"

 त्यानं फोन कव्हरासकट कमरेएवढा उंच धरला आणि सोडला. तळ. उचलून बघितला; ठीक. कड. ठीक. कोपऱ्याच्या वेळी त्याचा हात जरा थांबला. तेवढ्यात कुणीतरी "राहू द्या हो" म्हणालं आणि त्या बोलण्यानंच त्यानं तो सोडला. फोन एक उडी मारून पालथा पडला.  नाजूकभाऊनं उचलला, बोट लावलं. फोनवाल्या बाई म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं?"

टाळ्या पडल्या. कारखान्यात त्याच्यासाठी टाळ्या पहिल्यांदाच पडत होत्या.

आता घरी नेईपर्यंत फोनला काही होऊ नये, म्हणून त्यानं तो एका छोट्या खोक्यात घातला. भोवती फोम भरला. टेप मारली. आणि मग त्याच्या हातानं, त्याला न विचारता, एकतीस वर्षं जे केलं तेच केलं. लाल लेबल काढलं, चिकटवलं, वर पास झाल्याचा शिक्का मारला आणि खोकं टेबलाच्या उजव्या बाजूला सरकवलं. उजवी बाजू म्हणजे जायला तयार माल.

मग तो हात धुवायला गेला. हाताला डिंक लागला होता.

माल चढवायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला सगळे घाईबुवा म्हणायचे. तो आला, टेबलावरची खोकी मोजली. कागदावर एक्केचाळीस होती, टेबलावर बेचाळीस. घाईबुवानं डोकं खाजवलं. दुसरा कुणी असता तर विचारायला गेला असता. पण शिक्का नाजूकभाऊचा होता. नाजूकभाऊच्या टेबलावर एकतीस वर्षांत एक खोकं जास्त नव्हतं झालं की कमी. तेव्हा चूक कागदाचीच, असं ठरवून घाईबुवानं एक्केचाळीस खोडलं, बेचाळीस लिहिलं, आणि गाडी बंदराकडे रवाना केली.

नाजूकभाऊ हात पुसत आला तेव्हा टेबल स्वच्छ होतं.

"बुवा! छोटं खोकं कुठंय?"

"कुठलं? गेलं की. अहो, काय पॅकिंग होतं! हातात घेतलं तरी आत काही आहे असं वाटत नव्हतं."

त्यांनी त्या फोनवर फोन लावला. वाजत होता. गाडीवाल्याला फोन लावला, म्हणाले कान देऊन ऐक. त्यानं गाडी थांबवून मागं जाऊन कान दिला. "काहीच ऐकू येत नाही," तो म्हणाला. कसं येणार? आवाज बाहेर येईल असं पॅकिंग नाजूकभाऊ करतच नसे. गाडीवाला म्हणाला, सीलबंद माल रस्त्यात उघडला तर माझी नोकरी जाईल, गोदामात पोचलं की उतरवून घ्या.

संध्याकाळी पाचला ती खिडकीशी बसली होती. डावा तळहात उघडा करून, मांडीवर.

"गाडीत गेला," नाजूकभाऊ दारातूनच म्हणाला. "चुकून. माझ्याच हातनं. उद्या येईल."

 अशा प्रसंगासाठी तिच्याजवळ साठ वाक्यं तयार होती. साठच्या साठ गाडीत होती.

दुसऱ्या दिवशी गोदामवाला म्हणाला, माल बंदरातल्या मोठ्या लोखंडी पेटाऱ्यात, कंटेनरात, भरलाय, साहेबांचं पत्र लागेल, उद्या. साहेबांनी पत्र दिलं. गोदामवाला म्हणाला, पत्रावर तारीख नाही, उद्या. तारीख घातली. ज्याच्या सहीनं पेटारा उघडायचा तो माणूस आजारी. उद्या. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "अहो, एका मोबाईलसाठी किती धावपळ करायची?"

"मोबाईल नाही साहेब," नाजूकभाऊ म्हणाला. "घरातली..." त्यानं पत्र पुन्हा पुढे केलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं दुकानातून दुसरा फोन आणला. त्यात बोलायची सोय होती, पण आवाज पुरुषाचा निघाला. पलंगावरून एकदम कुणीतरी घोगऱ्या आवाजात "अहो, पाणी द्या" म्हणाल्यावर नाजूकभाऊच्या हातातलं पातेलंच सुटलं. ती हसली. हसता हसता तळहात कलला. नवा फोन फरशीवर पडला आणि कोळ्याच्या जाळ्यासारखा फुटला. त्याला कव्हर नव्हतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "आपला उद्या येतोच आहे."

तोवर कागद. पहिल्या दिवशी तिनं कागदावर 'आणा' असं लिहिलं होतं, वाकडंतिकडं पण ठळक. पाचव्या दिवशी पेन बोटांत राहीना.

"पेन जाड आहे," तो म्हणाला. तिनं मान हलवली. जाड आहे.

मग त्यानं एका पुठ्ठ्यावर मार्करनं मुळाक्षरं लिहिली. क, ख, ग. ढ नंतर काय येतं ते आठवेना म्हणून शेजाऱ्यांना विचारून आला. पुठ्ठा भिंतीला टेकवला, ती बोट ठेवून अक्षरं दाखवायला लागली. आठव्या दिवशी तिचा हात पुठ्ठ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत जाईना.

"पुठ्ठा उंच लागलाय," तो म्हणाला आणि खाली घेतला. मग आणखी खाली घेतला. मग त्यानं स्वतःच अक्षरांवर बोट फिरवायला सुरुवात केली. बरोबर अक्षर आलं की तिनं डोळे मिटायचे.

यात एक अडचण होती, ती म्हणजे नाजूकभाऊ. त्याला पहिल्या अक्षरावरूनच सगळं कळायचं. तिनं 'प' वर डोळे मिटले. "पाणी!" तो म्हणाला आणि पाणी पाजलं. नाही अशी तिनं मान हलवली. "पाय!" पाय चेपले. "पांघरूण!" पांघरूण घातलं, वर दुसरं घातलं. ती घामानं न्हाली. तिला पंखा हवा होता.

दहाव्या दिवशी तिनं त्याला नजरेनंच समोर बसवलं. पुठ्ठ्याकडे बघितलं. पाऊण तास लागला. तो एकेक अक्षर कागदावर मांडत गेला आणि शेवटी त्यानं मोठ्यानं वाचलं, "मध्ये बोलू नका."

लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती. हे ती अनेकदा म्हणाली असेल. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं ते पहिल्यांदा.

अकराव्या दिवशी खोकं परत आलं. साहेबांनी सगळ्यांना पॅकिंगमध्ये बोलावलं आणि टेप स्वतः कापली. फोन निघाला. जाताना शंभर कोस, येताना शंभर कोस, वर गाडीत चढउतार आणि बंदरात डोंगराएवढ्या मालाखाली आठ दिवस. एकही ओरखडा नव्हता. साहेब म्हणाले, "याला म्हणतात पॅकिंग! नमुना म्हणून असं एक कव्हर ऑफिसात लावायला हवं." पुन्हा टाळ्या पडल्या. नाजूकभाऊनं त्या ऐकल्या असाव्यात. तो वायर शोधत होता.

फोन चार्ज करून त्यानं घरी नेला. तिच्या डाव्या तळहाताभोवती पट्टा घातला, चिकटवला. हात पालथा केला, हलवला. फोन जागचा हलला नाही. मुठीत जन्मल्यासारखा बसला होता.

"बघ!" तो म्हणाला. "आता बोल. काय बोलायचं ते बोल. शिव्या दे."

तिनं उजवा हात काचेवर आणला. म्हणजे, आणायला त्यानं थोडी मदत केली. बोट काचेवर टेकलं. टेकलंच राहिलं. एकाच जागी पडून राहिलेलं बोट फोनला बोट वाटेना. इतके महिने दोघांचं लक्ष डाव्या हाताकडे होतं, पडणाऱ्या. उजवा कधी पडला नव्हता, त्यामुळे दोष पेनाला गेला, पुठ्ठ्याला गेला, त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

फोनचा उजेड विझला. त्यानं काचेला हात लावून परत लावला. बोट तिथंच. पुन्हा विझला. त्यानं पुन्हा लावला. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक.

शेवटी तो खाली बघून म्हणाला, "पट्टा घट्ट झालाय का गं?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले. हो.

"हां. मग सैल करतो," तो म्हणाला. त्यानं पट्टा सैल केला आणि बराच वेळ तो सैल करतच बसला.

डॉक्टर म्हणाले, "हे होणारच होतं. त्या अकरा दिवसांचा काही संबंध नाही. फोन हातात असता तरी चार आठ दिवस इकडे तिकडे." तो "बरं" म्हणाला. पण चार आठ दिवस म्हणजे किती वाक्यं, हा हिशेब डॉक्टरांना नव्हता. तो रस्ताभर तेच करत आला. दिवसाला चाळीस धरली तरी. तीस धरली तरी.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी पुन्हा आठवण केली, तेव्हा त्यानं कव्हर नेऊन दिलं. साहेबांनी ते काचेच्या कपाटात ठेवलं आणि खाली चिठ्ठी लावली, 'अकरा दिवस, दोन प्रवास, एकही ओरखडा नाही.' बाहेरचे लोक आले की त्यांना ते दाखवतात. लोक विचारतात, हे हातात कसं धरायचं? मग साहेब कपाट उघडून स्वतःच्या हाताला बांधून दाखवतात.

त्याच महिन्यात एका सकाळी नाजूकभाऊ कारखान्यात पन्नास मिनिटं उशिरा पोचला. गेटवर जो माणूस बसायचा तो नवीन नव्हता. पण नाजूकभाऊच्या उशिराची नोंद करायची म्हणजे त्याला खरं नाव शोधायलाही वेळ लागला. उशिरा येणाऱ्यांच्या पानावर ते कधी आलंच नव्हतं.

"नाजूकभाऊ, तुम्ही? बस चुकली?"

"नाही."

"मग काय? तब्येत?"

"नाही हो. बायकोशी बोलत होतो."

गेटवाला हसला. "वा! एवढ्या वर्षांनी सकाळी सकाळी एवढं काय बोलत होता, राव?"

"एक वाक्य," नाजूकभाऊ म्हणाला.

गेटवाला हसत राहिला, मग हळूहळू थांबला. त्यालाही घरचं थोडंफार माहीत होतं, सगळ्यांना होतं.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"दाढी करून जा म्हणाली." त्यानं गालावरून हात फिरवला. हनुवटीखाली ताजं कापलं होतं आणि त्यावर कागदाचा कपटा चिकटवला होता. "मला वाटलं दार लाव म्हणत असेल. पण मी मध्ये बोललो नाही. पूर्ण होऊ दिलं. मग दाढीला दहा मिनिटं गेली."

उशिराच्या रजिस्टरात कारणाचा रकाना दोन बोटांचा असतो. त्यात बस, पंक्चर, ताप असलं काहीतरी बसतं. गेटवाल्यानं पेन टेकवून थोडा वेळ विचार केला. मग 'बोलत होते' असं लिहिलं, आणि रजिस्टर सहीसाठी त्याच्याकडे फिरवलं.